मोठा करून आणलेला फोटो

फोटोतल्या बाईच्या डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा मोठी आहे. थोडीथोडकी नाही, जवळजवळ दुप्पट. फोटो काळा-पांढरा असला तरी ते दिसतं, कारण बाईचे डोळे घारे आहेत आणि घाऱ्या डोळ्यांत बाहुलीची कड स्वच्छ उमटते. उजव्या डोळ्यात ती मोहरीएवढी, डाव्यात मिऱ्याएवढी.

साताऱ्याच्या त्या सभागृहात हा फोटो पुरुषभर उंचीचा करून पडद्यावर थांबवून ठेवला होता. खाली अक्षरं होती, ‘बघणारी : पाच वर्षांनंतर’. समीक्षक प्रा. निळकंठ उपासनी यांनी त्या डाव्या बाहुलीवर पान-सव्वा पान लिहिलं होतं आणि थोड्या वेळानं ते वाचून दाखवणार होते. फोटोतली बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिनं पर्समधून लवंग काढली, अर्धी मोडून मला दिली आणि विचारलं, ‘‘पंखा जरा कमी करतील का गं?’’

ती माझी मावशी, कुमुद.

आमची आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि धाकटा श्रीरंग अजून नीट बोलायलाही लागला नव्हता. वडिलांची नोकरी फिरतीची. मावशीनं आम्हा दोघांना फलटणला आपल्या घरी आणलं आणि तिच्या लग्नाचा विषय तिथेच मिटला. पुढं तिनं बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला. प्रमाणपत्रासाठी फोटो काढायचा होता नेमक्या त्या आठवड्यात तिच्या डाव्या डोळ्याला आतून सूज आली. डॉक्टरांनी ॲट्रोपिनचे थेंब दिले. त्या थेंबांनी बाहुली विस्फारते, काही दिवस तशीच राहते आणि उजेड सहन होत नाही. मीच तिचा हात धरून तिला स्टुडिओत नेलं होतं. फोटोग्राफरनं मोठे दिवे लावले. तिनं डोळा उघडा ठेवला, कारण मिटल्या डोळ्यांचा फोटो कोर्सवाल्यांना चालणार नव्हता. बाहेर आल्यावर मात्र बराच वेळ ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पुढं मी वनस्पतिशास्त्र घेतलं आणि धोतऱ्याच्या कुळाबद्दल वाचताना ते औषध मला पुन्हा भेटलं.

घराच्या पुढच्या खोलीत मावशीनं शिशुवर्ग सुरू केला आणि त्या फोटोची एक प्रत भिंतीवर लावली. आपल्या बाई भिंतीवरही असतात याची मुलांना गंमत वाटायची. घरी जाताना ती एकदा खऱ्या मावशीला टाटा करत, एकदा भिंतीवरच्या.

श्रीरंग मुंबईला गेला आणि टीव्हीच्या मालिकांमध्ये शिरला. एका वर्षी गणपतीत घरी आला असताना त्यानं तो फोटो खिळ्यावरून काढला आणि म्हणाला, ‘‘मावशी, हा फारच लहान आहे गं. मोठा करून आणतो.’’ मावशी दिवसभर खुशीत होती. महिनाभरात त्यानं खरंच मोठा करून आणला, जाड लाकडी चौकटीत बसवून. मावशीनं भिंतीत नवा, दणकट खिळा ठोकून घेतला.

त्यानंतरच्या रविवारी ‘अवसेच्या गोष्टी’ या मालिकेचा ‘बघणारी’ हा भाग दाखवला गेला. लेखन आणि दिग्दर्शन श्रीरंगचं. मावशीकडे टीव्ही नव्हता. मुलांना गोष्ट तोंडानं सांगावी असं तिचं म्हणणं, त्यामुळं तिनं तो कधी घेतलाच नाही.

गोष्ट अशी होती. एक जोडपं लहान मुलीला घेऊन जुन्या घरात राहायला येतं. आधीच्या मालकिणीचा फोटो भिंतीवर तसाच राहिलेला असतो. चंदनाचा हार घातलेला. बाई निपुत्रिक मेलेली. तिचे डोळे मुलीच्या मागे फिरतात, मुलगी वाळत जाते. शेवटी मुलीच्या आईला आरशात आपल्या जागी तीच बाई दिसते.

हार काढून घेऊन तीच चौकट श्रीरंगनं मावशीला भेट दिली होती.

सोमवारी सकाळी मुलं आली ती दारातच थांबली. भिंतीवर ती होती. मावशीला काहीच कळेना. एका मुलीनं उंबऱ्यातच चड्डी ओली केली. मावशी तिला उचलायला पुढं झाली तर ती किंचाळत रस्त्यावर पळाली. त्या दिवशी चौकट खाली आली, पण उपयोग झाला नाही. फोटो काढता येतो, बाईंचा चेहरा कसा काढणार? शेजारच्या भोईटे वहिनी संकोचून सांगायला आल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘बाई, तुमचं काही नाही हो. पण पोर रात्रीची झोपत नाही. जरा दिवस जाऊ द्या.’’ दिवस गेले. दिवाळीपर्यंत खोली रिकामी झाली. भाजी आणायला मावशी बाहेर पडली की गल्लीतली मुलं हातांनी डोळे झाकून घेत. त्यांचा तो खेळच झाला होता.

मी श्रीरंगला फोन केला. ज्या बाईचा फोटो वापरायचा ठरला होता ती आयत्या वेळी आली नाही, असं त्यानं सांगितलं. मग हसून म्हणाला, ‘‘ताई, मोठा करून आणतो म्हणालो होतो. आणला की नाही?’’ मुलाखतींमध्ये तो सांगायचा की मावशीनं तो फोटो हौसेनं स्वतः काढून दिला. मावशी त्यावर कधी काही बोलली नाही. मी विषय काढला की म्हणायची, ‘‘जाऊ दे. त्याचं नाव होतंय.’’

नाव झालं हे खरं. मी शिकवते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मी सगळं वाचत असे. मराठी टीव्हीवरची भयकथा वयात आली, असं पहिल्या परीक्षणात होतं. मग एका स्त्रियांच्या मासिकानं हरकत घेतली की मूल नसलेल्या बाईला चेटकीण ठरवणं हा जुनाच उद्योग आहे. त्यावर उपासनींनी उत्तर लिहिलं, की हा भाग उलट समाजाच्याच नजरेवर बोट ठेवतो. मग त्या उत्तराला उत्तर. दबलेलं मातृत्व, घर आणि मालकी, परंपरेचं भूत असे पुष्कळ विषय निघाले. फोटोतली बाई बळी आहे की खलनायिका यावर माणसं वर्षभर भांडली. ती कोण आहे हे त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. माझ्या विद्यार्थ्यानं नमुना कुठून आणला हे न विचारता त्यावर निष्कर्ष लिहिला असता तर मी त्याची जर्नल परत केली असती.

पाच वर्षांनी, त्या जूनमध्ये, मावशीनं शिशुवर्ग पुन्हा सुरू केला. कॅनॉलच्या पलीकडे नवी घरं झाली होती. तिथल्या आयांनी तो भाग पाहिलेला नव्हता आणि त्यांची मुलं तर तेव्हा जन्मलीही नव्हती. थोडीच मुलं आली, पण आली. मावशी पुन्हा रांगोळीचे रंग डब्यांत भरू लागली, फोनवर कोणी काय बोललं ते मला सांगू लागली. तिच्या आवाजातला तो चढ मी पाच वर्षांत ऐकला नव्हता.

आणि मग वाहिनीनं ठरवलं की दिवाळीच्या अवसेला ‘बघणारी’ पुन्हा दाखवायची. लोकांनी पाहिली तर श्रीरंगला त्यावर चित्रपट करायला मिळणार होता. या वेळी वाहिनीची माणसं सावध होती. ज्याचा फोटो वापरला त्याची परवानगी पाहिजे, त्याशिवाय नाही. श्रीरंगनं मावशीला फोन करून कळवलं की तिची सही लागेल, येईन तेव्हा घेतो. मावशी म्हणाली, ‘‘बघू.’’ मला म्हणाली, ‘‘बघू, विचार करते.’’ भाग पुन्हा दाखवला गेला तर त्या खोलीत पुन्हा कोणी येणार नाही, हे तिला सांगायची गरज नव्हती. तरी ती दोन महिने ‘बघू’च म्हणत राहिली.

म्हणून श्रीरंगनं हा बेत काढला. साताऱ्याच्या फिल्म सोसायटीची चर्चा, त्यात मावशीचा सत्कार. शाल-श्रीफळ घेतलेलं माणूस नाही म्हणत नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. सकाळी फलटणहून तिला गाडीनं आणलं ते थेट साताऱ्यातल्या माझ्या घरी. पोहे खाताना तो मावशीच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, आता लोक तुझी सही मागायला येतील, मावशे. मी शिशुवर्गाचं काय होणार ते विचारलं. त्यानं मान माझ्याकडे वळवली.

‘‘प्रयोगशाळेतून आदेश आला बघ,’’ तो मावशीला म्हणाला. ‘‘ताई, लोक विसरलेत सगळं.’’

‘‘विसरलेत तर परत दाखवतोस कशाला?’’

त्यावर तो हसला. मावशीनं त्याला अजून पोहे वाढले. तो हात धुवायला गेला तेव्हा मी तिला विचारलं, काय ठरवलंस? ती ताटल्या गोळा करत म्हणाली, ‘‘रेवा, बोलायला लागल्यावर त्यानं पहिली हाक मला मारली होती.’’ निर्णय तिचा होता. तो मी घेणं म्हणजे श्रीरंगनं केलं तेच पुन्हा करणं.

सभागृहातले पडदे ओढले गेले आणि भाग सुरू झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मावशी हा आयुष्यात पहिल्यांदा पाहते आहे. श्रीरंग पुढच्या रांगेत वाहिनीच्या ढवळे नावाच्या अधिकाऱ्याशेजारी बसला होता. त्याच्या हे ध्यानीमनीही नसावं.

मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहत होते. स्वतःच्या फोटोला हार घातलेला दिसला तेव्हा तिनं फक्त पदर खांद्यावर सारखा केला. पुढं मुलीची आई मीठ-मोहरीनं दृष्ट काढते आणि त्यानं भागत नाही म्हणून पायातली चप्पल काढून फोटोवर मारते. मागच्या रांगांमधून कोणीतरी शिट्टी वाजवली. मावशी हलली नाही.

मग मुलीचा प्रसंग आला. चारेक वर्षांची मुलगी, खोलीत एकटी, फोटोसमोर. ती आधी हुंदका गिळते, मग दाराकडे धावते, दार उघडत नाही, आणि ती दाराला गाल लावून रडते. सगळ्या परीक्षणांमध्ये या प्रसंगाचं कौतुक होतं. मावशी पुढं वाकली.

‘‘हे रडणं खोटं नाही,’’ ती हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

‘‘खोटं रडणारं पोर अधूनमधून बघतं, कुणी बघतंय का ते. ही बघत नाहीये गं.’’

दिवे लागले. टाळ्या झाल्या. उपासनी उठले. उंच, नीटनेटके, आवाज कमावलेला. त्यांनी भागाच्या आशयसूत्रांची मांडणी केली, आधीच्या समीक्षेचा आढावा घेतला आणि मग त्या डाव्या बाहुलीवर आले. एक डोळा इहलोकाकडे पाहतो, दुसरा त्यापलीकडे. उजव्या डोळ्यात वात्सल्य आहे, डाव्यात हाव. न मिळालेल्या मुलाची हाव. दिग्दर्शकानं या विषम नजरेतून वांझपणाच्या भीतीला चेहरा दिला. ‘वांझपणा’ हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. तीनही वेळा मावशी माझ्या शेजारीच होती.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभी राहिले. मी सभेत बोलणारी बाई नाही. वर्गाबाहेर माझा आवाज पोहोचत नाही, म्हणून मला माइक द्यावा लागला. मी सांगितलं की डावी बाहुली मोठी दिसते ती ॲट्रोपिनच्या थेंबांमुळे. डोळ्याला सूज होती. फोटो बालवाडीच्या प्रमाणपत्रासाठी काढला होता, मी तिथं हजर होते. त्या डोळ्यात हाव नव्हती, दुखत होतं. आणि हा भाग दाखवल्यावर या बाईंचा शिशुवर्ग बंद पडला, पाच वर्षं बंद राहिला. तो आता कुठं सुरू झाला आहे.

उपासनी आनंदले. आनंदले म्हणजे खरोखरच, चेहरा उजळला त्यांचा.

‘‘किती सुंदर माहिती दिलीत तुम्ही, मॅडम,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणजे पाहा, जे औषध तेच विष. त्याच सीमारेषेवर ही नजर उभी आहे. आणि खऱ्या आयुष्यातली मुलंसुद्धा पळून गेली, याहून कलाकृतीचं मोठं यश कोणतं? मी हे माझ्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत घालीन.’’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माइक हातात धरून उभी होते. एका बाईचं घर ओस पडलं हे मी सांगितलं होतं आणि माझ्यासमोर त्याची तळटीप तयार झाली होती. फोटो कोणी, कशाकरता काढला यानं काही फरक पडत नाही, अर्थ प्रेक्षक ठरवतो, असंही ते पुढं म्हणाले. मग ज्याचा चेहरा आहे त्यानं काय ठरवायचं, असं मी विचारलं. पण तोवर ते दुसऱ्या प्रश्नाकडे वळले होते.

माझ्या हातातला माइक मावशीनं काढून घेतला. ती बसूनच होती.

‘‘श्री,’’ ती म्हणाली, ‘‘त्या मुलीला कसं रडवलंस?’’

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. सत्कारमूर्ती स्वतः प्रश्न विचारतात! श्रीरंग उठला, सभेकडे तोंड करून उभा राहिला आणि सांगू लागला. हा किस्सा त्यानं पूर्वीही सांगितला असावा, कारण कुठं थांबायचं ते त्याला माहीत होतं. मुलगी काही केल्या रडेना, हसायलाच लागे. दुपार जायला आली. मग त्यानं तिच्या आईला चहाला बाहेर पाठवलं, मुलीला सांगितलं की फोटोतली बाई हसणाऱ्या मुलांना घेऊन जाते, आणि दिवा मालवून दार बाहेरून लावून घेतलं. कॅमेरा आधीच लावलेला होता. ‘‘एका टेकमध्ये!’’ तो म्हणाला. ‘‘नंतर दोन दिवस माझ्या जवळ येईना पठ्ठी.’’

लोक हसले. उपासनीही हसले आणि त्यांनी मान डोलावत काहीतरी टिपून घेतलं.

मावशी हसली नाही. माझा संताप तोपर्यंत चप्पल, शिट्टी, वांझपणा अशा गोष्टींभोवती फिरत होता. तिचा कशाभोवती आहे ते मला तेव्हा कळलं. पाच वर्षं तिनं स्वतःवर झालेलं सगळं गिळलं होतं आणि अजूनही गिळलं असतं. बंद खोलीतल्या त्या पोरीबद्दल तिला आजपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

सूत्रसंचालकांनी सत्कार जाहीर केला. मावशी व्यासपीठावर गेली. गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या एकेक करून चढली. ढवळेंनी शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि घोषणा केली की दिवाळीच्या अवसेला ‘बघणारी’ पुन्हा येत आहे. श्रीरंग तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, एक हात तिच्या पाठीवर. पुढचं वाक्य त्यानं सभेला ऐकू जाईल असं म्हटलं.

‘‘मावशी, आता सगळ्यांसमोरच विचारतो. परवानगी आहे ना?’’

मावशीनं नारळ टेबलावर ठेवला. शाल काढली, तिची नीट घडी घातली आणि नारळाशेजारी ठेवली. मोठ्या आवाजात बोलायची तिला सवय होती. शिशुवर्गात चाळीस पोरांच्या गोंगाटावर तो आवाज जायचा. माइक तिनं बाजूला सारला.

‘‘त्या पोरीचं नाव काय होतं?’’

श्रीरंगला आठवलं नाही. त्यानं ढवळेंकडे पाहिलं. ढवळेंनी उपासनींकडे.

‘‘ती आता नऊ वर्षांची असेल,’’ मावशी म्हणाली. ‘‘तिनं माझा चेहरा पुन्हा बघायला नको.’’

‘‘मावशी, आपण घरी बोलू,’’ श्रीरंग हळू आवाजात म्हणाला. त्याचा हात अजून तिच्या पाठीवर होता.

‘‘घरी तू मला सांगतोस. विचारत नाहीस.’’ तिनं त्याचा हात खाली घेतला, पण सोडला नाही, हातातच ठेवला. ‘‘फोटो मी दिला नव्हता, श्री. तू मोठा करून आणतो म्हणालास आणि घेऊन गेलास. तेव्हा विचारलं नव्हतंस. आज विचारलंस, म्हणून सांगते. नाही.’’